एक लस कमी

मंगळवार, ४ मार्च

विहीणबाई,

शाळेने नातीचा आरोग्याचा फॉर्म परत केला म्हणून हे पत्र लिहिते आहे. दुसरं कुठलंही कारण असतं तर लिहिलं नसतं.

प्रवेश मिळाला आहे, पण कच्चा. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म आणि लसीकरणाचं पूर्ण कार्ड याच महिन्यात जमा झालं नाही, तर तिची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला जाईल. घरापासून चालत जाण्यासारखी ही एकच शाळा. ती हातची गेली तर माझ्या लेकीला परगावची नोकरी सोडून परत यावं लागेल, नाहीतर मुलीला तिकडे न्यावं लागेल. तिकडे हॉटेलने तिला दिलेली खोली एका माणसाची आहे, तीही बारीक माणसाची.

शाळेच्या खिडकीतली बाई मला म्हणाली, "आजी, हे कार्ड अर्धंच आहे."

मी म्हटलं, "बाई, मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली आहे. अर्धं काय आणि पूर्ण काय, मला कळतं. नीट बघा."

तिने नीट बघितलं. कार्ड अर्धंच होतं.

उरलेलं अर्धं तुमच्याकडे आहे. तुमचा मुलगा आणि माझी लेक एका छपराखाली राहत होते आणि दोघांच्या नोकऱ्या पाळीच्या होत्या, तेव्हा मुलगी पंधरवडाभर तुमच्याकडे आणि पंधरवडाभर माझ्याकडे असे. तुमचा आमच्या डॉक्टरांवर विश्वास नव्हता, माझा तुमच्या डॉक्टरांवर नव्हता. "आमच्या डॉक्टरांचा हात हलका आहे," असं तुम्ही सांगायचात. हाताबरोबर औषधही हलकं असेल, अशी मला शंका होती. म्हणून ती जिथे असेल तिथल्या डॉक्टरांनी तिला टोचायचं आणि आपापल्या कार्डावर लिहायचं, असं झालं. एका मुलीची कार्डं दोन. दोघांचा काडीमोड झाला, मुलगी माझ्याकडे आली, तुमचं कार्ड तुमच्याकडेच राहिलं. शिवणक्लासच्या कपाटात कापडाच्या गठ्ठ्यांखाली असेल, शोधा.

फोन केला असता. पण गेल्या वेळी मी बोलत असताना तुम्ही फोन ठेवलात. नोकरीत असताना असं करणाऱ्याची लाइन मी तासभर लागू देत नसे.

कार्ड कुरिअरने पाठवा. स्वतः आणू नका. मागे तुम्ही आमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिलात तेव्हा मी दार उघडलं नाही, ते ऐकू आलं नाही म्हणून नव्हे.

मुलीची तब्येत उत्तम आहे. तुम्ही विचारणार, म्हणून आधीच लिहिते.

अडला हरी कोणाचे पाय धरतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मी पाय धरत नाही, कार्ड मागते आहे.

— मुलीच्या आईची आई


रविवार, ९ मार्च

विहीणबाई,

तुमचं उत्तर मिळालं. मापाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलेलं. पुढच्या बाजूला कोणा बाईची छाती, कंबर आणि बाहीची लांबी होती. ती वाचायची माझी इच्छा नव्हती, तरी वाचली गेली. निदान कोरा कागद वापरायचा होतात.

"कार्ड पाहिजे तर ढब्बूला घेऊन या. चहा मिळेल."

तुमचा चहा मी लग्न ठरवायला आले होते तेव्हा प्यायले आहे. पुन्हा प्यावासा वाटलेला नाही. आणि मुलीला नाव आहे. माझ्या घरी तिला नावाने हाक मारतात. शिवाय आता ती ढब्बू राहिलेली नाही. या वयात मुलं उंच होतात आणि अंगाने उतरतात, हे तुम्हाला ठाऊक असायला हरकत नाही.

तुमच्या चिरंजीवांना फोन केला होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आई आणि तुम्ही बघून घ्या ना." हेच वाक्य मी त्यांच्या संसारात इतक्या वेळा ऐकलं आहे की फोन चुकून जुना लागला की काय असं वाटलं. माझ्या लेकीला यातलं काही कळवलेलं नाही. ती हे ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, आणि कळलं तर तडक तुमच्याकडे येईल. ते तुम्हाला परवडणार नाही.

आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, दुसरं कार्ड मिळालंच नाही, तर तिकडे काय दिलं ते माहीत नाही असं धरून पुन्हा टोचायला सुरुवात करावी लागेल. म्हणजे तुम्ही एक पुठ्ठा दाबून बसणार, आणि त्यापायी या मुलीच्या दंडाची चाळण होणार. प्रत्येक सुईला ती रडली की मी तिला सांगेन, ही शिवणआजीची.

ती तुम्हाला अजून शिवणआजीच म्हणते. मला फोनआजी. म्हणू नकोस असं मी सांगितलेलं नाही, हे लक्षात असू द्या.

कार्ड पाठवा.

— मुलीच्या आईची आई


बुधवार, १२ मार्च

विहीणबाई,

कार्ड पोचलं. तुमच्या क्लासमधली मुलगी घेऊन आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "बाईंनी सांगितलंय, पोरीला बघून ये." मी म्हटलं, "कार्ड द्यायला पाठवलंय की टेहळणीला?" ती बिचारी लाजली. तरी आतल्या दाराकडे बघतच होती. नात झोपली होती. काय बघायचं ते तिने बघितलं असेल आणि तुम्हाला येऊन सांगितलंही असेल.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. तुमचं पिवळं, आमचं पांढरं. बोट ओळीओळीवरून सरकत गेलं.

"ही लस दोनदा झाली. एकदा त्यांच्याकडे, एकदा तुमच्याकडे, एकाच महिन्यात. ही पण दोनदा. बिघडलं काही नाही, पण पोरीने फुकट मार खाल्ला." मग बोट थांबलं. "आणि ही? हिचा पहिला डोस त्या कार्डावर आहे. दुसरा कुठेच नाही."

मी म्हटलं, "पहिला त्यांनी दिला, तेव्हा दुसराही त्याच देतील असं मी धरून चालले."

"आणि त्या धरून चालल्या की तुम्ही द्याल. दोन घरचा पाहुणा उपाशी! आज्या दोन आणि लस एक कमी." असं म्हणून त्या हसल्या. त्यांचा मदतनीसही हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तर शुक्रवारी सकाळी राहिलेला डोस टोचून आणते. त्याच दिवशी फॉर्मवर सही मिळेल. तुम्ही विसरलात, मी निस्तरते. नेहमीचंच आहे. लग्नातही पाहुण्यांची यादी तुम्ही केलीत आणि खुर्च्या कमी पडल्या तेव्हा पळापळ आम्ही केली.

आणखी एक. तुमच्या कार्डावर मागच्या वर्षीचं तिचं वजन लिहिलेलं आहे. डॉक्टरीणबाईंनी आजचं वजन केलं, मग काटा बिघडला असेल म्हणून पुन्हा केलं. काटा बिघडलेला नव्हता. या विषयावर तुम्ही काही लिहून पाठवण्याची आवश्यकता नाही.

— मुलीच्या आईची आई


शुक्रवार, १४ मार्च

विहीणबाई,

फोनवरचं बोलणं उद्या नाकारता येतं. म्हणून आज तुम्ही जे बोललात ते लिहून पाठवते. काही चुकलं असेल तर दुरुस्त करा, खाली सही करा आणि परत पाठवा. मला ते लेखी हवं आहे.

आम्ही दवाखान्यात जायला चपला घालत होतो. फोन वाजला. मी "बोला" म्हणायच्या आत तुम्ही म्हणालात, "टोचलं का? टोचू नका. माझी शपथ आहे, टोचू नका."

मग तुम्ही सांगितलंत ते असं. पहिला डोस दिला त्या दिवशी मुलगी घरी येऊन खेळली, जेवली. दुपारनंतर तुम्ही तिला कापण्याच्या टेबलावर बसवून काम करत होतात. ती एकाएकी गप्प झाली. बघितलं तर अंग सैल पडलेलं, ओठ पांढरे. हाक मारली, गालावर चापटी मारली, तरी डोळे तुमच्याकडे वळेनात. क्लासच्या मुली रडायला लागल्या. तुम्ही तिला खांद्यावर टाकून अनवाणी डॉक्टरांकडे धावलात. तिथे पोचेपर्यंत ती रडू लागली होती. संध्याकाळी ठीक झाली. डॉक्टरांनी सांगितलं, पुढचा डोस असा दवाखान्यात द्यायचा नाही, मोठ्या इस्पितळात देखरेखीखाली द्यायचा. तो तुम्ही दिला नाहीत. कोणाला सांगितलंतही नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, मला तर नाहीच.

मी विचारलं, "तेव्हा का नाही बोललात?"

तुम्ही म्हणालात, "बोलले असते तर पोरीला पुन्हा माझ्याकडे पाठवली असतीत?"

उत्तर तुम्हाला ठाऊक होतं. नसती पाठवली. एक दिवससुद्धा नाही.

पण मग तुम्ही जे सांगितलंत ते ऐकून मात्र माझा संताप झाला. ती माझ्याकडून परत आली की तुम्ही आधी तिचे दंड आणि मांड्या बघायचात, टोचल्याची खूण आहे का म्हणून. माझ्या घरून आलेल्या मुलीची झडती घ्यायला जमलं, आणि चार शब्द बोलायला तोंड उचकटलं नाही! तुमच्या त्या मौनापायी आज मी तिचं बोट धरून तिला त्याच सुईकडे घेऊन निघाले होते. तुमचा फोन लागला नसता तर? आम्ही कोपऱ्यावर गेलो असतो तर? मी फोन घरीच ठेवून निघते, हे तुम्हाला माहीत आहे.

चपला काढल्या. मुलीला म्हटलं, आज नाही जायचं. ती म्हणाली, "शिवणआजी होती ना फोनवर? मला का नाही दिला?"

डॉक्टरीणबाईंशी बोलले. असं क्वचित होतं, बहुतेक वेळा पुन्हा होत नाही, पण इस्पितळातच द्यायचं असं त्यांचंही म्हणणं पडलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना ज्या माणसाने ते डोळ्यांनी बघितलं त्याच्याकडून ऐकायचं आहे. मी म्हटलं, लेखी आणते. त्या म्हणाल्या, "कागदाला प्रश्न विचारता येत नाहीत, आजी. विहीणबाईंना आणा."

तेव्हा सोमवारी सकाळी नऊला, मोठं इस्पितळ, मुलांचा विभाग, तळमजला. एकट्या या. चिरंजीव नकोत. खाऊ आणू नका. मुलीशी बोलायला माझी ना नाही, पण तिच्या आईबद्दल एक अक्षर काढलंत तर मी तिथून उठेन.

— मुलीच्या आईची आई


मंगळवार, १८ मार्च

विहीणबाई,

काल बाकावर तुम्ही जे बोललात त्याची उत्तरं मी तिथे दिली नाहीत, कारण मुलगी आपल्या मध्ये बसली होती. ती आता देते.

पहिलं. मला बघून नमस्कार न करता तुम्ही थेट मुलीचा चेहरा दोन हातांत धरलात आणि म्हणालात, "माझ्या ढब्बूची काडी कोणी केली गं?" प्रश्न तिला होता, टोला मला. उत्तर असं, की कोणी केली नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा आई एका गावाला, बाप दुसऱ्या, आणि ज्या घरात तिची झोपायची कोपऱ्यातली जागा होती त्या घराचं दार बंद. मुलं अशा वेळी जेवत नाहीत. मी ताट वाढते. वेळेवर वाढते, सकस वाढते. ती बसते, घास तोंडात फिरवत राहते. मी तिला ओरडत नाही. फार ओरडत नाही.

दुसरं. "तुमच्याकडे पोरं जेवत नाहीत, हजेरी लावतात." हे तुम्ही सुईवाल्या नर्ससमोर बोललात आणि ती फिसकन हसली. माझ्या लेकीला मी एकटीने वाढवलं. ती याच शिस्तीत जेवली आणि पाच फूट सहा इंच झाली. तुमच्या शिस्तीत वाढलेल्या चिरंजीवांना अजून "आई, तू बघ" याच्या पुढचं वाक्य येत नाही.

तिसरं. मोठ्या डॉक्टरांसमोर तुम्ही सगळं नीट सांगितलंत. किती वेळ, कोणता हात, डोळे कुठे होते, सगळं. आवाज कापत होता तरी थांबला नाहीत. हे मी नाकारत नाही. पण शेवटी "यांना सांगितलं नाही, यांची भीती वाटते" हे पदरचं जोडायची गरज नव्हती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना म्हटलं, "वाटायलाच हवी." ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

आता तुम्हाला ठाऊक नसलेलं सांगते. सुई दिल्यानंतर दुपारपर्यंत तिथेच थांबायचं होतं. मध्ये एकदा तुम्ही पाणी आणायला गेलात. त्या वेळात तिने डोळे मिटले. मी तिला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. विहीणबाई, मी नर्सला हाक मारायला तोंड उघडलं आणि माझा आवाज फुटला नाही. साऱ्या नोकरीत आवाज हीच माझी कमाई. मग ती एक डोळा उघडून म्हणाली, "मी झोपल्याचं नाटक केलं. शिवणआजी घाबरली असती, तू नाही घाबरत ना?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही पाणी घेऊन आलात आणि विचारलंत, "काय झालं? चेहरा का उतरला?" मी म्हटलं, काही नाही, पंखा जोरात आहे. तुमचं मौन मला कळलं असं मात्र यावरून समजू नका. मला ते अजूनही अक्षम्य वाटतं.

चौथं, आणि खरं तर यासाठीच पत्र. खाऊ आणू नका म्हटलं होतं, तरी पिशवीत केळी होतीच. तुम्ही केळं सोलून स्वतःच खायला लागलात. तिला विचारलंसुद्धा नाहीत. तिने तुमच्या हातातलं अर्धं मोडून घेतलं. मग दुसरं मागितलं. मग माझ्याकडे बघितलं, मी काही म्हणते का ते बघायला, आणि तिसरंही खाल्लं. माझ्या घरात केळी टोपलीत काळी पडतात.

मी ते बघत होते. तुम्ही बघत नव्हतात, म्हणजे तसं दाखवत होतात.

डॉक्टरांनी कागद दिला. डोस झाला, त्रास नाही. डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवर सही केली, पण वजनाच्या रकान्यापुढे शेरा मारला: कमी आहे, तीन महिन्यांनी पुन्हा वजन करून शाळेला कळवावे. मी म्हटलं, शेऱ्याशिवाय सही होणार नाही का? त्या म्हणाल्या, "शेरा शाळेसाठी नाही, आजी. तुमच्यासाठी आहे."

तेव्हा व्यवहाराचं बोलते. शनिवारी सकाळी तिला तुमच्याकडे आणून सोडीन, रविवारी संध्याकाळी घेऊन जाईन. दर आठवड्याला. माझ्या लेकीला काल रात्री फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, हे तू सुचवते आहेस?" मी म्हटलं, "डॉक्टर सुचवताहेत." ती म्हणाली, "मग जाऊ दे तिला."

याचा अर्थ दिलजमाई असा काढू नका. तुम्ही माझ्याशी वागलात ते मी विसरलेले नाही, तुम्हीही विसरू नका. मी दारातूनच परत जाईन. चहा ठेवू नका. तुमचा मुलगा त्या वेळी घरी आलेला असेल तर त्याने आतल्या खोलीत बसावं, किंवा बाहेर यावं आणि मुलीशी नीट बोलावं. मधलं काही चालणार नाही.

तिला कापण्याच्या टेबलावर बसवू नका. कात्र्या असतात.

— मुलीच्या आईची आई


शनिवार, २२ मार्च

विहीणबाई,

ही दिल्या-घेतल्याची नोंद. दोन प्रती केल्या आहेत. एकीवर सही करून दारातच माझ्या हातात द्या.

शाळेच्या खिडकीत काल जमा केलं: आरोग्याचा फॉर्म एक, डॉक्टरांच्या सहीचा, वजनाच्या शेऱ्यासह. लसीकरणाची कार्डं दोन, पिवळं आणि पांढरं, एकमेकांना टाचून. इस्पितळाचा कागद एक. खिडकीतल्या बाईने पोच दिली. प्रवेश पक्का.

तुम्हाला आज दिलं: या सर्वांच्या झेरॉक्स प्रती, एक संच. तापाचं औषध, बाटली एक, मात्रा वर लिहिली आहे. कपड्यांचे जोड दोन. दोन्ही सैल होतात, कमरेला टाके घालावे लागतील, ते तुम्हाला येतं.

मुलगी एक. रात्रीपासून शिवणआजीकडे जायचं म्हणून नाचते आहे आणि सकाळी काही खाल्लेलं नाही. वजन करून आणली आहे. परत घेताना पुन्हा करीन.

देणार: फोनआजी
घेणार: